डब्ल्यू-आयचा गठ्ठा

ताईच्या कोशाच्या कामात माझ्याकडे एकच खातं होतं, अडाणीपणाचं. ते मी अकरा वर्षं इमानेइतबारे सांभाळतेय, असा कार्यालयाचा समज होता.

ताई छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली आणि आठवड्याभरात तिला घराच्या भिंती खायला उठल्या. रोज सकाळी तयार होऊन बसायची आणि मलाच विचारायची, आता काय करू? तेवढ्यात कोश कार्यालयाचं पत्र आलं. इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेत सोपे अर्थ लिहून द्याल का? काम वाटायची त्यांची पद्धत अशी, की शब्दाची पहिली दोन अक्षरं धरून एकेकाला गठ्ठा द्यायचा. एस-सी एकाला, जी-एल दुसऱ्याला. गठ्ठ्यात पोस्टकार्डाएवढी कार्डं. पुढे शब्द छापलेला, मागची बाजू कोरी, तिथे ताईने अर्थ लिहायचा.

आणि मग तो नियम. मुख्य संपादक फार खट माणूस असावा. त्याचं म्हणणं, इंग्रजी येणाऱ्याला अर्थ कळला तर त्यात काय मोठंसं? अर्थ वाचून दाखवायचा तो इंग्रजी न येणाऱ्या माणसाला, शब्द न सांगता. त्याने ती वस्तू किंवा ते काम ओळखलं, तर कार्डाच्या कोपऱ्यात त्याने स्वतःच्या हाताने लाल खूण करायची. नाही ओळखलं, तर अर्थ परत लिहायचा. गठ्ठ्याच्या शेवटी एक फॉर्म असायचा. ऐकणाऱ्याचं नाव, नातं, आणि ‘इंग्रजी’ या शब्दापुढे मोकळी जागा. तिथे मी लिहायचे, ‘येत नाही’. खाली सही.

या पदाला माझ्याइतकी लायक बाई शोधून सापडली नसती. मी अकरा वर्षांची असताना आईने अंथरूण धरलं. ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी, नोकरीला नुकतीच लागलेली. कोणीतरी घरी थांबायला हवं होतं. मी थांबले. इंग्रजीचं पुस्तक हातात यायच्या आधीच माझी शाळा आटोपली. पुढे लग्न झालं, एकोणतिसाव्या वर्षी हे गेले, मी परत ताईकडे आले. तेव्हापासून आम्ही दोघीच. ती मला छोटी म्हणते. छप्पन्न वर्षांची छोटी.

रोज दुपारी चहा झाला की ताई खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची, मी समोर लाल पेन्सिल घेऊन.

‘‘ऐक. पोट भरलं तरी ज्याचा हात थांबत नाही असा माणूस.’’

‘‘आपला मामा.’’

‘‘नाव नको गं, शब्द सांग!’’

‘‘खादाड.’’

‘‘कर खूण. आणि मामाला सांगू नकोस.’’

मामा जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

खूण केलेली कार्डं मी शाई वाळायला पलंगावर पसरायचे. वाळली की अक्षरक्रमाने लावायचे. लावायची म्हणजे पुढची बाजू बघावी लागणारच. आधी नुसती अक्षरं जुळवली, मग अक्षरांचे आवाज कळले. अर्थ नुकताच ऐकलेला असायचा, शब्द समोर असायचा. दोघांची गाठ आपोआप पडायची. एका गठ्ठ्यातले शब्द म्हणजे एका जिन्यावरची बिऱ्हाडं. जिना एक, पण आत राहणाऱ्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. ‘ग्लू’ म्हणजे डिंक, आणि त्याच्या शेजारच्या दारात ‘ग्लूम’, म्हणजे मनावर आलेलं मळभ. त्याच गठ्ठ्यात ‘ग्लीन’ होता. ताईने लिहिलं होतं, कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेले दाणे गोळा करणं. मी म्हणाले, ‘‘सरवा वेचणं.’’ खूण केली, कार्ड उलटलं, आणि मला एकदम हसू आलं. मी दोन वर्षं पलंगाशी उभी राहून करत होते त्या उद्योगाला इंग्रजीत नावसुद्धा होतं.

‘‘काय गं, एकटीच हसतेस?’’ ताई म्हणाली.

‘‘काही नाही.’’

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलाच्या या बाजूला कोण बसलं असतं? इंग्रजी येणारी छोटी कार्यालयाच्या काही कामाची नव्हती. खालच्या मजल्यावरच्या आजींना बोलावलं असतं, आणि मी चहा करून आत गेले असते. शिवाय ताईला माझ्या अडाणीपणाची सवय होती. औषधाच्या डबीतला कागद मी आधी पूर्ण वाचायचे आणि मग तिच्यापुढे धरायचे, ‘‘बघ गं, काय लिहिलंय.’’ ती चष्मा पुसायची, घसा साफ करायची, आणि अख्खा वर्ग समोर असल्यासारखी सांगायची. मला ते बघायला आवडायचं. आता कोणी याला खोटेपणा म्हणेल. म्हणो.

तर अकराव्या वर्षी डब्ल्यू-आयचा गठ्ठा आला. तीनशे बारा कार्डं.

सुरुवात झोकात झाली. ‘विडरशिन्स’ नावाचा एक विचित्र शब्द होता, आयुष्यात कोणाला लागणार नाही असा. ताईचा अर्थ, ‘सूर्य ज्या बाजूने फिरतो त्याच्या उलट बाजूने’. मी म्हटलं, ‘‘उलट्या फेऱ्याने.’’ खूण. ‘विनो’चा अर्थ तिने लिहिला, ‘धान्य वाऱ्यावर धरून फोलपटं उडवून लावणं’. मी म्हटलं, ‘‘उफणणं.’’ खूण. ‘विझन्ड’, सुकून सुरकुत्या पडलेलं. ‘‘तुझं तोंड,’’ मी म्हटलं. तिने रबर फेकून मारलं.

मग एका दुपारी तिने वाचलं, ‘‘भिंतीतली अशी जागा, जिच्यातून माणसं आत येतात आणि बाहेर जातात.’’

दार, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण दार डब्ल्यू-आयमध्ये नाही. माझ्या डोक्यात जिना झरझर चढून कोणीतरी एकेक दरवाजा ठोठावला, विंड, विंडो. ताई माझ्याकडे बघत होती, पेन हातात धरून, मान जराशी कलती. तिच्या मागे तीच होती, उघडी, पडदा हलत होता.

‘‘खिडकी,’’ मी म्हटलं.

‘‘शाब्बास. कर खूण.’’

एखाद्या वेळी होतं असं, माणूस घाईत लिहितं. मी खूण केली.

दोन दिवसांनी ‘विंग’ आला, ‘पक्षी ज्यावर उभा राहतो तो अवयव’. मी पंख म्हणाले. ‘विंटर’ आला, ‘दिवस मोठे होतात आणि स्वेटर घालावा लागतो तो काळ’. मी हिवाळा म्हणाले. मग माझ्या ध्यानात आलं की अवघड शब्दांना ताई चुकत नव्हती. त्यांच्यासाठी ती जाडजूड पुस्तकं उघडायची, दोन-तीन ठिकाणी बघायची. सोपे शब्द ती मनानेच लिहायची, ते कोण पुस्तकात बघणार? चूक सगळी सोप्या शब्दांत होती. चहात साखर दोनदा पडत होती, किल्ली फ्रिजमध्ये सापडत होती, हेही त्याच दिवसांतलं. मी साखर कमी आणू लागले.

‘विडो’च्या कार्डाशी ती जरा थांबली. मग वाचलं, ‘‘जिचा नवरा बाहेर गेला आहे आणि अजून परत आला नाही अशी बाई.’’

मी पेन्सिलीकडे बघत राहिले. सत्तावीस वर्षांत मला कोणी इतकं हळुवार सांगितलं नव्हतं. आणि ते चूक होतं.

‘‘काय झालं? सोपा तर आहे,’’ ताई म्हणाली.

‘‘विधवा.’’

ती हसली नाही, शाब्बासही म्हणाली नाही. कार्ड हातात उलटंसुलटं करत राहिली. मग म्हणाली, ‘‘छोटे, खरं सांग. हल्ली माझं काही चुकतंय का?’’

हे तिने स्वतः विचारलं. समोर बसून, माझ्या डोळ्यांत बघून विचारलं. मी त्या क्षणाकडे कितीही वेळा परत गेले तरी तिथे तिसरं कोणी नसतं, ज्याच्यावर ढकलावं.

‘‘चुकलं असतं तर मी ओळखलं असतं का?’’ मी म्हणाले.

तिचा चेहरा सैल झाला. ‘‘तेही खरंच. तू ओळखतेस म्हणजे बरोबरच असणार.’’

मला वाटलं, एवढा गठ्ठा निघून जावा. कोशाच्या पहिल्या पानावर अर्थ लिहिणाऱ्यांची नावं येणार होती. ताईचं नाव तिथे दिसेपर्यंत तिला काही कळू नये, एवढंच मला हवं होतं. उरलेली कार्डं मी भराभर ओळखली. फॉर्मवर ‘येत नाही’ लिहिलं, सही केली, गठ्ठ्याला दोरी बांधली.

पाच महिन्यांनी एका सकाळी तपासनीस बाई घरी आली. ती ताईचीच एके काळची विद्यार्थिनी, कार्यालयात सगळी कार्डं तिच्या हातून जायची. ताईला बाई म्हणायची, मला मावशी. नेहमी फोन करायची, त्या दिवशी न सांगता आली, आणि पर्समधून रबर लावलेली थोडी कार्डं काढून टेबलावर ठेवली.

‘‘एक्केचाळीस आहेत, बाई. काही घाई नाही. जरा परत बघायला लागतील.’’ मग माझ्याकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘मावशी, रागावू नका, पण तुम्ही न ऐकताच खुणा केल्यात का? माणसं आत येतात-बाहेर जातात, यावरून कोणी खिडकी कशी ओळखेल?’’

माझ्यासमोर पळवाट आयती उघडून धरली होती. मी लगेच घुसले.

‘‘हो. कंटाळा आला होता. अकरा वर्षं झाली, किती ऐकायचं माणसाने?’’

‘‘खोटं,’’ ताई म्हणाली.

तिने चष्मा लावला होता. ‘‘कामात ती कधी कंटाळत नाही. भांडी घासताना कंटाळते. एकेक शब्द तिने माझ्यासमोर म्हटलाय. आण ते इकडे.’’

तपासनीस बाई म्हणाली, ‘‘बाई, राहू द्या ना, मी नंतर...’’

‘‘आण म्हटलं.’’ तो वर्गातला आवाज होता. एवढी मोठी अधिकारी झालेली बाई, तिने मुकाट्याने कार्डं पुढे केली.

ताईने वरचं कार्ड उचललं. आपलंच अक्षर, मोठ्याने वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. कार्ड उलटून शब्द पाहिला. खाली रस्त्यावर कोणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होईना, तेवढाच आवाज.

‘‘हे दाराचं आहे,’’ ती म्हणाली.

मग मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं.

‘‘आणि तू खिडकी म्हणालीस.’’

‘‘हो.’’

‘‘कशी?’’

‘‘मला येतं, ताई.’’

‘‘काय येतं?’’

‘‘इंग्रजी.’’

मला वाटलं ती चिडेल. वाटलं नव्हे, मला तसं हवं होतं. तिने विचारलं, ‘‘कधीपासून?’’

‘‘जी-एलपासून.’’

‘‘म्हणजे नऊ वर्षं,’’ ती म्हणाली. हिशेब बरोबर केला. क्षणभर तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. छत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला न शिकवता एक विद्यार्थिनी मिळाली होती. पण ते टिकलं नाही. तिने पुढचं कार्ड घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं. विंग. विंटर. विडो. एकेकाच्या कोपऱ्यात माझी लाल खूण होती, ठसठशीत. एक्केचाळीसही वाचली. आम्हाला मध्ये बोलू दिलं नाही.

मग कार्डांना परत रबर लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘दार म्हणायचं होतंस गं.’’

‘‘ताई...’’

‘‘तू दार म्हणाली असतीस तर मला तेव्हाच कळलं असतं. मी तुला विचारलंसुद्धा होतं. माझं स्वतःचं डोकं फितूर व्हायला लागलं, तर सांगायला तू एकटीच होतीस ना.’’

ती उठून आत गेली. तपासनीस बाई रुमालाने डोळे पुसत बसली. मी चहा टाकला. दुसरं काय करणार होते?

डॉक्टरांनी विचारलं, ‘‘पहिल्यांदा कधी लक्षात आलं?’’ ताई माझ्याकडे बघत होती. आता मी एकही खूण खोटी करणार नव्हते. म्हटलं, ‘‘सात-आठ महिने झाले.’’ त्यांनी लिहून घेतलं. आजार बरा होणारा नाही, म्हणाले. औषधाने थोडा सावकाश चालतो. लवकर सुरू केलं तर जास्त उपयोग. यापुढे ते काही बोलले नाहीत, भला माणूस. बाहेर आल्यावर ताईने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘‘रस्ता नीट बघ, अडाणी कुठली.’’ हे तिने माफ केलं म्हणून म्हटलं की विसरली म्हणून, ते मला ठरवता येत नाही. अजूनही.

ती कार्डं ताईने परत लिहायला घेतली. आठवडाभर रोज बसली. एकही पुरं झालं नाही. शेवटी तिनेच गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि टेबलाच्या पलीकडे, माझ्या खुर्चीत जाऊन बसली.

तपासनीस बाईला मी फोनवर सांगितलं, अहो, माझी शाळा पाचवीत सुटली. ती म्हणाली, ‘‘मावशी, लिहा तुम्ही. पण ऐकणारं माणूस नियमाप्रमाणे हवं.’’

‘‘आहे,’’ मी म्हटलं.

कारण एव्हाना इंग्रजी ताईला सोडून चाललं होतं. आधी ते गेलं, आपली भाषा अजून बरीचशी होती. मी कार्ड लिहायचे, वाचायचे, ती मान कलती करून ऐकायची. ओळखलं की लाल खूण. नाही ओळखलं की मी परत लिहायचे. काही कार्डं सहा-सहा वेळा लिहिली. घाई केली नाही, सुचवलं नाही, ओठ हलवले नाहीत. ‘पक्ष्याच्या अंगाला दोन बाजूंना असतात, पसरले की तो उडतो.’ ताई म्हणाली, ‘‘पंख. सोपं आहे.’’ ‘विडो’ मी लिहिलं, ‘जिचा नवरा मरण पावला आहे अशी स्त्री’. तिने लगेच ओळखलं. मग मला म्हणाली, ‘‘बिचारी.’’ मी कार्ड वाळत घातलं.

दोन महिन्यांत चाळीस झाली. राहिली विंडो.

‘‘भिंतीतली उघडी जागा, जिच्यातून उजेड आणि वारा आत येतो.’’

‘‘दार.’’

बरोबर होतं. दारातूनही येतो. परत लिहिलं. ‘‘उजेड-वारा येतो, पण माणसं ये-जा करत नाहीत.’’

तिने मान कलती केली. ‘‘बंद दार.’’

मी खूण करू दिली नाही. तीन आठवडे असेच गेले. मी गज घातले, काच घातली, पडदा लावला. माझ्या पाठीशी, तिच्या डोळ्यांसमोर ती उघडी होती आणि ताई दार म्हणत होती, आणि मी दर वेळी ‘‘बरं’’ म्हणून नवं कार्ड घेत होते. एका दुपारी माझ्याकडे अर्थ उरलेच नाहीत. मी न लिहिताच बोलले, ‘‘तू शाळेतून यायची वेळ झाली की मी आईला औषध देऊन जिथे उभी राहायचे आणि तुझी छत्री कोपऱ्यावर दिसतेय का बघायचे, ती जागा.’’

‘‘खिडकी,’’ ताई म्हणाली. पेन्सिल घेतली, कुठे खूण करायची ते शोधू लागली. कार्ड कोरं होतं. मी पटकन ते वाक्य लिहून तिच्यापुढे धरलं. तिने कोपऱ्यात खूण केली, थोडी वाकडी.

हा अर्थ कोशात छापता येत नाही, एवढं मलाही कळतं. तपासनीस बाईला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, दुसऱ्या कोणाकडून करून घेते, तुम्ही फॉर्म तेवढा पाठवा. मग तिनेच भीत भीत सांगितलं, पहिल्या पानावर बाईंचं नाव राहील. गठ्ठ्यातली बाकीची दोनशे एकाहत्तर कार्डं तशीच घेतली आहेत, त्यांत एकही बदल करावा लागला नाही.

फॉर्मवर मी ताईचं नाव लिहिलं. नातं, बहीण. ‘इंग्रजी’ या शब्दापुढच्या मोकळ्या जागेशी आले आणि पेन तसाच धरून बसले. नियमाने तिथे दोनच शब्द लिहायचे होते आणि ते खरे होते. खालच्या मजल्यावरच्या आजींची नात, तिची आई, तपासनीस बाई, अर्धं गाव ताईकडे इंग्रजी शिकलेलं.

‘‘काय लिहायचं राहिलंय?’’ ताईने विचारलं.

‘‘तुला इंग्रजी येतं का, असं विचारतायत.’’

तिने फॉर्म माझ्या हातातून घेतला, चष्मा पुसला, लावला, अक्षरांवरून बोट फिरवलं. मग परत दिला.

‘‘मला नाही येत,’’ ती म्हणाली. ‘‘छोटीला येतं. तिला विचारा.’’